जबड्याच्या दुखण्यात फिजिओथेरपीचे काम काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

जबड्याच्या सांध्यावरील माझ्या लेखाबद्दल आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की हे दुखणे दंतवैद्याचे आहे. फिजिओथेरपिस्ट दहा सिटिंगचे पॅकेज देऊन नुसते शेक आणि मशीन लावतात. आपल्याला गुण आला तो नाइटगार्डने, म्हणजे रात्री दातांवर बसवायच्या आवरणाने. आणि जबडा हलवताना होणाऱ्या आवाजाबद्दलचे ‘नुसत्या आवाजाला उपचार नको’ हे माझे वाक्य दिशाभूल करणारे आहे.

मशीनबद्दलचा आपला राग रास्त आहे. जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांचा कल टेन्स (त्वचेवरून सौम्य विजेचे झटके देणारे मशीन) आणि कमी शक्तीच्या लेझरच्या विरोधात आहे. मात्र त्याच सूचनांमध्ये हाताने सांधा हलवणे, स्नायूंतील दुखऱ्या जागा दाबून सैल करणे आणि देखरेखीखाली करायचे व्यायाम यांची ठाम शिफारस आहे. नाइटगार्डच्या बाबतीत त्यांचा कल ‘शक्यतो नको’ असाच आहे. आपल्याला आलेला गुण मी नाकारत नाही, आणि दात झिजू नयेत म्हणून दंतवैद्याने तो दिला असेल तर जरूर वापरावा. पण एवढ्यावरून हाताच्या उपचाराला निरुपयोगी ठरवणे मला पटत नाही.

हे हाताचे काम नेमके काय असते, ते सांगतो. तोंड उघडताना सांध्याचा गोळा आधी जागच्या जागी फिरतो आणि मग पुढे सरकतो. एका बाजूचे सरकणे अडले, की तोंड अर्ध्यावर थांबते आणि आरशात पाहिल्यास हनुवटी त्याच बाजूला वळताना दिसते. अशा वेळी हातमोजा घातलेला अंगठा खालच्या दाढांवर टेकवून, बाकीच्या बोटांनी जबड्याची कड बाहेरून धरून, जबडा हलकेच खाली आणि किंचित पुढे ओढला जातो. गालाचा आवळलेला स्नायू आतून अंगठा आणि बाहेरून बोटे अशा चिमटीत धरून दाबला जातो, आणि तिथे दाबल्यावर अनेकांची कानशिलाकडची ओळखीची कळ उठते. घरी जीभ टाळूला लावून आरशासमोर तोंड सरळ रेषेत उघडण्याचा सराव, आणि दिवसभर ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवण्याची सवय. लोकलच्या गर्दीत उभे असताना किंवा मोबाइलवर मान वाकवून काम करताना आपण दात आवळून धरतो, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

आवाजाबद्दल माझे मत कायम आहे. सांध्यातील चकती किंचित पुढे सरकलेली असते आणि तोंड उघडताना ती जागेवर येते, तेव्हा कट् असा आवाज होतो. दुखत नसेल आणि स्वतःची तीन बोटे उभी आत मावण्याइतके तोंड उघडत असेल, तर त्या आवाजाच्या मागे लागू नये. आवाज एकाएकी बंद होऊन तोंडही उघडेनासे झाले, तर मात्र चकती अडकल्याची शंका घेऊन लगेच दाखवावे.

आधी दंतवैद्याकडे जावे, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, आणि मुंबईत तर त्याला विशेष कारण आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही गुटखा-सुपारी चघळणारे कमी नाहीत. तिखटाने तोंडात आग होणे, गाल आतून पांढरट आणि ताठ होणे, तोंड दिवसेंदिवस कमी उघडणे ही सांध्याची तक्रार नसून तोंडाच्या अस्तराचा आजार असू शकतो, आणि पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. अशा रुग्णाने आधी मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयासारख्या ठिकाणी तोंड तपासून घ्यावे. तसेच स्टेशनचा पूल चढताना जबडा दुखत असेल आणि थांबल्यावर शांत होत असेल, तर ते दुखणे हृदयाचे असू शकते. तिथे दात किंवा सांधा शोधत बसू नये.

पॅकेजचे पैसे भरण्यापूर्वी एवढे पाहावे: पहिल्याच भेटीत वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवले का, तोंडात हात घालून स्नायू तपासले का, आणि घरचा व्यायाम आपल्याकडून करून घेतला का? प्रौढ माणसाचे तोंड साधारण ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उघडते. काही आठवड्यांत आपला आकडाही हलला नाही आणि वेदनाही कमी झाली नाही, तर उरलेली सिटिंग पुरी करत न बसता मुखशल्यचिकित्सकाचे मत घ्यावे.