‘मुलं लवकर विसरतात’ म्हणणाऱ्यांना

गेला महिनाभर एक मजकूर मोबाइलवरून फिरतो आहे. माझ्याकडे तो चार वेळा आला. चौथ्यांदा आला तो माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडून, म्हणून लिहायला बसले. वर एका मुलीचा फोटो, हातात छोटी बॅग, गळ्यात नंबराची चिठ्ठी. खाली लिहिलंय ते थोडक्यात असं: हिटलरच्या काळात आईबापांपासून तुटलेली हजारो मुलं जगली, कारण त्यांनी जगायचं ठरवलं होतं. मुलं फुलपाखरासारखी असतात, वाईट ते लवकर विसरतात. युद्ध संपलं, मुलं आपापल्या माणसांत परतली, आयुष्य पुन्हा मार्गी लागलं. आपणही त्यांच्याकडून शिकावं आणि रडगाणं सोडावं. त्याखाली कुणीतरी जोडलंय की पोटची पोरं परक्यांच्या हाती देणाऱ्या आईबापांचं काळीज तरी कसलं असेल. आणि आमच्या ग्रुपवरच्या एकाची भर: तिकडचं तिकडे, आपल्या कोकणाला त्याचं काय?

मी अलिबागेत २७ वर्षं बालवाडीत शिकवलं. तीन ते सहा वर्षांची मुलं एवढाच माझा अभ्यास, पण तो रोजचा आणि जवळून केलेला आहे. या काळाबद्दल मिळेल ते वाचतही आले. म्हणून त्या मजकुरातलं एकेक वाक्य घेते.

‘मुलं लवकर विसरतात.’ सुरुवात इथूनच करायला हवी, कारण बाकीची सगळी वाक्यं या एका वाक्याच्या आधाराने उभी आहेत. एवढं खरं, की दोन-तीन वर्षांच्या आतलं आपल्यापैकी कुणालाच गोष्टीसारखं सांगता येत नाही. पण सांगता न येणं म्हणजे विसरणं नव्हे. माझ्याकडे कोळीवाड्यातला एक मुलगा होता. त्याचा बाप होडी घेऊन गेला तो परत आला नाही, तेव्हा तो अडीच वर्षांचा. शोध चालला होता ते तीन दिवस बंदरावर निळी ताडपत्री बांधून तिच्याखाली घरच्या बायका बसून होत्या आणि हा आईच्या मांडीवर. चार वर्षांचा झाल्यावर बालवाडीत आला. हसरा, बडबड्या. आई म्हणायची, “बाई, त्याला काय एक आठवत नाय.” जूनमध्ये पागोळ्या आत येतात म्हणून आम्ही पडवीला ताडपत्री बांधली. पहिल्या जोराच्या वाऱ्याला ती फडफडली आणि पोरगा हातातला ठोकळा धरून जागच्या जागी उभा राहिला. खाली बघते तर चड्डी ओली. आठवड्यात तीनदा असं झालं. ताडपत्री काढून झापं लावली तेव्हा थांबलं. बापाचा चेहरा त्याला सांगता येत नव्हता, पण तो आवाज त्याच्या अंगात राहिला होता.

हे एका अपघाताचं. आता ज्या मुलांबद्दल तो मजकूर आहे त्यांच्याकडे या. १९४५ च्या ऑगस्टमध्ये, ज्यूंना कोंडून मारणाऱ्या हिटलरच्या छावण्यांतून वाचलेली सुमारे ३०० मुलं विमानांनी इंग्लंडला नेली आणि विंडरमियरच्या तळ्याकाठी ठेवली. जेवणाच्या टेबलावर पाव आला की ती उचलून खिशात कोंबत, गादीखाली लपवत. पाव उद्याही मिळणार आहे असं सांगून त्यांना पटत नव्हतं. त्यांच्यातली सहा अगदी लहान, तीन-चार वर्षांची. वर्षाच्याही आतली असताना ती तेरेझिनच्या छावणीत आली होती, आईबाप मारले गेलेले. सांभाळणाऱ्या बायाही हद्दपार होत गेल्या, त्यामुळे माणसं सारखी बदलत राहिली. कायम राहिली ती फक्त ही सहा एकमेकांना. त्यांना ससेक्समधल्या एका घरात ठेवलं. त्यांची नोंद बालमनाचा अभ्यास करणाऱ्या अॅना फ्रॉइड आणि सोफी डान यांनी १९५१ साली प्रसिद्ध केली. पहिल्या दिवसांत या मुलांनी दिलेली खेळणी मोडून टाकली, मोठ्यांना मारलं, चावलं. कुत्रा दिसला की ती भीतीने गोठून जायची. सहापैकी एकालाही क्षणभर बाजूला नेलेलं बाकीच्यांना चालत नसे. आणि जेवताना? स्वतः खाण्याआधी शेजारच्याला मिळालं की नाही ते बघायची. आमच्या बालवाडीत लाडू वाटताना काय रणकंदन होतं ते मला माहीत आहे, म्हणून हे वाचताना माझे डोळे भरून आले. तीन वर्षांचं मूल असं वागतं तेव्हा त्याने काय पाहिलंय ते वेगळं सांगावं लागत नाही.

पुढे ती मुलं माणसाळली, इंग्रजी शिकली, मोठ्यांवर माया करू लागली. मुलं सावरतात हे मी कधीच नाकारणार नाही. पण ती विसरून सावरली नाहीत. रोज तीच माणसं, तीच वेळ, तेच ताट असं महिनोन् महिने कुणीतरी त्यांच्यासाठी केलं, म्हणून सावरली.

‘जगायचं ठरवलं म्हणून जगली.’ या वाक्याचा मला राग येतो आणि तो लपवायचा नाही. हिटलरने केलेल्या ज्यूंच्या संहारात सुमारे १५ लाख मुलं मारली गेली. त्यांनी ठरवलं नव्हतं का? लपून डायरी लिहिणाऱ्या अॅन फ्रँकने जुलै १९४२ ते ४ ऑगस्ट १९४४ अशी दोन वर्षं भिंतीआड काढली, शेवटी पकडली गेली आणि १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सनच्या छावणीत मरण पावली. इंग्रज सैन्य तिथे १५ एप्रिलला पोचलं. तिची जिद्द कमी पडली असं तिची वही वाचलेल्या कुणी म्हणून दाखवावं.

उलट उदाहरण थॉमस ब्युर्गेन्थालचं. ऑगस्ट १९४४ मध्ये दहा वर्षांचा असताना तो आईबापांबरोबर ऑशवित्झच्या मृत्युछावणीत पोचला. एवढ्या वयाच्या मुलांना फलाटावरूनच थेट गॅसकोठडीकडे धाडत. पण ती गाडी एका श्रमछावणीतून आली होती आणि त्या दिवशी फलाटावर कामाला कोण आणि मारायला कोण ही निवडच झाली नाही. तो वाचला तो त्यामुळे. पुढे हा मुलगा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश झाला, आणि आपण वाचलो ते नशिबाने, हे जन्मभर सांगत राहिला. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट रेवसला येताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यातून जे तरले त्यांची जिद्द मोठी आणि जे बुडाले त्यांची कमी, असं आमच्या बंदरावर कुणी बोलून बघावं. आपल्याला माहीत असलेल्या मेलेल्यांबद्दल आपण असं कधी बोलत नाही.

‘आईबापांचं काळीज कसलं?’ याला उत्तर देताना हात थरथरतो. तरी देते. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची दुकानं फोडली, प्रार्थनास्थळं जाळली, बाप्यांना धरून छावण्यांत नेलं. त्यानंतर ब्रिटनने फक्त मुलांना यायची मुभा दिली, आईबापांना नाही. प्रत्येक मुलामागे ५० पौंडांची हमी. पहिली तुकडी २ डिसेंबर १९३८ ला हार्विच बंदरात उतरली आणि युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १०,००० मुलं पोचली. याला किंडरट्रान्सपोर्ट म्हणतात, त्या फोटोतली गळ्यातली चिठ्ठी त्यातलीच. सोबत एक लहान बॅग, गळ्यात नंबर. काही स्टेशनांवर आईबापांना फलाटावर यायचीसुद्धा बंदी होती, रडारड दिसायला नको म्हणून. प्रागहून निकोलस विंटन आणि त्याच्या सोबत्यांनी ६६९ मुलं बाहेर काढली. त्यांची शेवटची गाडी १ सप्टेंबर १९३९ ला सुटायची होती, सुमारे २५० मुलं. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि ती गाडी सुटली नाही. ज्या आयांचा हात त्या दिवशी मुलांच्या हातातून सुटला नाही, त्यांच्यापैकी बहुतेकांना पुढे मुलांसकट छावण्यांत नेलं.

पोलंडमधल्या वॉर्सामध्ये इरेना सेंडलर घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, जाऊन मुलं बाहेर काढत असे. आया विचारत, मूल वाचेल याची खात्री देतेस का? तिच्याकडे खात्री एकच होती, इथे राहिलं तर मरेल याची. मूल बाहेर गेलं की नवं नाव, नवी प्रार्थना, नवी आई. सेंडलर पातळ कागदाच्या पट्ट्यांवर मुलाचं खरं नाव आणि खोटं नाव शेजारी शेजारी लिहायची आणि त्या काचेच्या बरणीत घालून एका अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली पुरायची. आपण ज्या बरणीत कैरीचं लोणचं भरतो तेवढी ती बरणी, आणि तिच्यात शेकडो मुलांचं गोत्र.

गेलेल्या मुलांना आईबाप युद्धकाळात रेडक्रॉसमार्फत निरोप धाडत. मर्यादा २५ शब्दांची. ‘जेवलास का, केस नीट पुसलेस का, सर्दी झाली नाही ना, मामीला त्रास देऊ नकोस’ एवढ्यातच आपल्याकडच्या आईचे निम्म्याहून जास्त शब्द संपतील. त्या आयांनी उरलेल्या शब्दांत काय काय लपवलं असेल! तळकोकणातून मुंबईला शिकायला धाडलेल्या पोराला एसटीत बसवून, गाडी वळणाआड गेल्यावर मटकन खाली बसणाऱ्या आया मी पाहिल्यात. तिथे तर गणपतीला पोर घरी येणार असतं. या आयांना परत भेट होईल याची खात्री नव्हती आणि तरी त्यांनी हात सोडला. काळजाबद्दल त्यांना प्रश्न विचारायचा आपल्याला अधिकार नाही.

‘युद्ध संपलं, मुलं परतली.’ कुणाकडे परतली? किंडरट्रान्सपोर्टमधल्या बहुतेक मुलांना आईबाप पुन्हा दिसले नाहीत. सेंडलरच्या बरण्या युद्धानंतर उकरून काढल्या तेव्हा त्या नावांचे बहुतेक आईबाप ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत संपलेले होते. ब्युर्गेन्थालला आई भेटली, १९४६ च्या अखेरीस, ताटातूट झाल्यावर दोन वर्षांहून अधिक काळाने. वडील छावणीतच गेले होते. ज्यांना कुणी भेटलं त्यांची कथाही सरळ नाही. मूल पाच वर्षांचं असताना गेलं आणि बारा वर्षांचं होऊन समोर आलं, तर आई तिच्या भाषेत बोलते आणि मुलाला ती भाषाच उरलेली नाही. फ्रान्समध्ये फिनाली नावाचे दोन भाऊ होते. आईबापांना १९४४ मध्ये ऑशवित्झला नेलं. मुलांना सांभाळणाऱ्या बाईने युद्धानंतर त्यांचा बाप्तिस्मा करवला आणि आत्यांच्या ताब्यात द्यायला नकार दिला. मुलांना लपवून सीमेपार स्पेनमध्येही नेलं गेलं. १९५३ साली ती घरच्यांना मिळाली, युद्ध संपून आठ वर्षांनी.

फ्रान्सचंच आणखी एक, जे मला वाचून सोसवत नाही. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये दोन दिवसांत सुमारे १३,००० ज्यू पकडले, त्यात ४,००० हून अधिक मुलं. छावणीत आधी आया वेगळ्या काढून पुढे धाडल्या, मुलं मागे राहिली. त्यातल्या कित्येकांना आडनाव सांगता येत नव्हतं. मी बालवाडीत पहिल्या आठवड्यात काय शिकवते? पूर्ण नाव. हरवलास तर सांगायचं म्हणून.

इथे परत त्या पहिल्या वाक्याकडे यावं लागतं. मुलं विसरतात, हा हिशेब मारणाऱ्यांनीही केलेला होता. नाझींनी पोलंडमधली गोरी-सोनेरी केसांची मुलं घरांतून उचलली, जर्मन नावं देऊन जर्मन घरांत वाढवली, कारण काही वर्षांत ती आपली भाषा विसरतील अशी त्यांची खात्री होती. पुढे ९ डिसेंबर १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारात, ठार मारण्याच्या बरोबरीने, एका समूहाची मुलं जबरदस्तीने दुसऱ्या समूहात घालणं हाही वंशसंहाराचा एक प्रकार म्हणून लिहिला गेला. भारताने १९५९ मध्ये तो मान्य केला. तो हिशेब अजून चालू आहे. युक्रेनमधली मुलं बेकायदा नेल्याच्या आरोपावरून मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने रशियाच्या अध्यक्षांवर अटक वॉरंट काढलं. ‘मुलं लवकर विसरतात’ हे वाक्य पुढे ढकलताना ते कुणाच्या सोयीचं आहे एवढं तरी बघावं.

राहिलं कोकणाचं. घाट ओलांडला की कोल्हापूरजवळ वळिवडे आहे. रशियाने सैबेरियाकडे हाकललेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ तिथे राहिली. ती ज्यूंच्या संहारातली नव्हेत, त्यांची ताटातूट वेगळी, पण मुलांची वाट बघणं तेच.

आणि अलिबागेत तर इस्रायल आळीच आहे. आमच्या लहानपणी शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांची, म्हणजे बेने इस्रायल ज्यूंची घरं, मराठी बोलणारी, मलिद्याचं ताट शेजारी देणारी. बहुतेक मंडळी १९४८ नंतर इस्रायलला गेली, त्यांचं प्रार्थनास्थळ, सिनेगॉग, मात्र आहे. त्यांची परंपरा सांगते की फार जुन्या काळी त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. आता तिथे स्मारकाचा स्तंभ आहे.

एका वर्षी मी मोठ्या गटाची मुलं घेऊन तिथे गेले होते. सात आणि सातची गोष्ट सांगितली. सगळी पोरं समुद्राकडे पळाली, एक मुलगी मागे राहिली. माझा पदर धरून विचारलंन, “बाई, त्या सात बायकांची पोरं कुठं गेली?”

इतकी वर्षं ती गोष्ट सांगत होते, माझ्या मनात हे कधी आलं नव्हतं. गोष्टीत मुलांचा शब्द नाही. मी तिला म्हटलं, माहीत नाही ग. ती थोडा वेळ त्या स्तंभाकडे बघत उभी राहिली, मग खाली बसून वाळूतले शिंपले गोळा करायला लागली आणि ते एकेक करून स्तंभाच्या पायथ्याशी मांडत गेली.