शंभर नंबरी पेट्रोल

"साधं का प्रीमियम?" पंपावरचा पोरगा हे इतक्या घाईत विचारतो की उत्तर आधीच ठरवून न आलेल्या माणसाची फजिती ठरलेली. मागे हॉर्न सुरू, शेजारी बायकोची "साधंच" अशी नजर, आणि मागच्या सीटवरून पुण्याहून आलेला मेव्हणा: "दाजी, गाडीच्या बाबतीत चिकटपणा नको हं."

मेव्हण्याचा अभ्यास दांडगा. 2020च्या डिसेंबरात शंभर ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यासह दहा शहरांत आलं, तेव्हापासून बाकीचं सगळं त्याला रॉकेलच वाटतं. लिटरला दीडशेच्या वर मोजून तो ते आपल्या चिमुकल्या गाडीला पाजतो आणि "काय मक्खन पळते!" म्हणतो. तेवढे पैसे मोजल्यावर खडखडतेय असं कोण म्हणेल?

वास्तविक ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हेच. सिलिंडरमध्ये दाबलं गेल्यावर, ठिणगीची ज्योत पोचेपर्यंत आपणहून पेट न घेता पेट्रोल किती दम धरतं, त्याचं ते माप. आयसोऑक्टेनला 100 मार्क, हेप्टेनला भोपळा, बाकीची पेट्रोलं त्या हिशेबात. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला जास्त दमाचं पेट्रोल लागतं. आमच्या गाडीच्या पुस्तकात '91 किंवा जास्त' एवढंच लिहिलंय. तिला शंभर नंबरी पाजणं म्हणजे बालवाडीतल्या पोराला यूपीएससीचा क्लास लावणं.

हे मी सांगून पाहिलं. पण मेव्हण्याला प्रात्यक्षिक हवं होतं. कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात त्याने स्टिअरिंग ताब्यात घेतलं. चढ खडा, वळणावर वेग पार पडलेला, गिअर मात्र चौथा. बॉनेटखालून कडकड आवाज सुरू झाला, गाडी धापा टाकायला लागली.

"ऐकलं का? नॉकिंग! पेट्रोल दम न धरता आपणहून पेटतंय! साध्या पेट्रोलचा प्रताप!" मेव्हणा खुशीत.

"तिसरा टाक," बायको म्हणाली.

टाकला. आवाज गायब. टाकीतलं पेट्रोल तेच होतं. पुढे कासपर्यंत मेव्हणा फक्त फुलांवर बोलला. आणि तो फुलांचा हंगामही नव्हता.

तशात आता साधं पेट्रोलही साधं राहिलेलं नाही. वीस टक्के इथेनॉलवालं ई-20 किमान 95 ऑक्टेनचं असावं लागतं. म्हणजे ज्या आकड्यासाठी आपण जादा पैसे मोजायचो, तो गुपचूप साध्या नळीत येऊन बसला. इथेनॉलात ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज तेवढं जरा खाली येतं. पण ऑक्टेनवर भांडणारे ॲव्हरेजवरही भांडतातच, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही.

हे सगळं ऐकून कोरेगावचे आमचे काका एकदम सरसावून बसले. त्यांचा ऊस दरसाल कारखान्याला जातो. "म्हंजी नंबर आमच्या उसानं वाढवला म्हणा की! मग पाव्हणं, तुमी जादाचं पैसं पंपावर कशाला देताय? मला द्या."

मेव्हण्याने विषय बदलला. "काका, पेट्रोल जाऊ दे. टायरमध्ये साधी हवा भरू नका कधी. नायट्रोजन भरा."

काकांनी तंबाखूची चिमूट ओठाखाली सरकवली. "नायट्रोजन व्हय? युरियाची अर्धी गोणी पडलीय शेडात. घिऊन जा जाताना."