पहाटे ४:४० ला शटरबाहेर राहिलात, त्यावर मालकाचं उत्तर

नमस्कार दादा,

रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलाय तो ठीके, त्या सकाळी मी तुमच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. माटुंगा रोड स्टेशनजवळ आमचा सायकली ठेवायचा गाळा आहे, दादा महिन्याचं भाडं भरून त्यांची सायकल तिथे ठेवतात. रविवारी त्यांची २०० किलोमीटरची बीआरएम होती, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राईड, ५:३० चा स्टार्ट. ४:४० ला आले, दाराच्या लॉकला कार्ड लावलं, रीडरचा लाईटसुद्धा लागला नाही, मला सात फोन केले, मी उचलले नाहीत, वॉचमननं "चोरासारखं वागवलं", शेवटी वैतागून ५:२० ला घरी गेले. शिवाय आतल्या सायकली "सुतळीसारख्या केबलनी बांधल्यात, ही कसली सिक्युरिटी" असंही लिहिलंय. आणि "बिल्डिंगचे सगळे लाईट चालू होते, त्यामुळे लाईट गेल्याचं कारण देऊ नका" हेही.

तर तेच कारण देतोय, कारण तेच खरंय. बिल्डिंगचे लाईट चालू होते पण आमच्या गाळ्याच्या मीटरचा फ्यूज रात्री कधीतरी उडाला होता. आता लाईट गेली तर बॅटरीवर लॉक चालायला पाहिजे, त्यासाठीच ती ठेवलीय, पण बॅटरी २०२१ ची, मुंबईच्या उकाड्यात पत्र्याच्या डब्यात बसून बसून पार फुगलेली, मी उघडून बघितली तेव्हा डब्यातून निघेना. ही माझी चूक. दर दोन-अडीच वर्षांनी बदलायची गोष्ट मी "चालतेय ना" म्हणत चार वर्षं ओढली.

लाईट गेल्यावर दार बंदच का राहतं, उघडं का नाही राहत, हे तुम्ही विचारलंय आणि ते बरोबर विचारलंय. सुरुवातीला आमच्याकडे मॅग्नेटचं लॉक होतं. मॅग्नेटला धरून ठेवायला करंट लागतो, करंट गेला की दार सुटतं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबईची वीज गेलेली आठवतेय ना, लोकल जागच्या जागी उभ्या राहिलेल्या, त्या दिवशी आमचं दार हातानं ढकललं की उघडत होतं. तेव्हा बॅकअपही नव्हता. आत ३१ सायकली, लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी नवीन घेतलेल्या, काही लाखाच्या वरच्या. मी स्टूल टाकून दारात बसलो, लाईट येईपर्यंत, बाथरूमला जायचं तरी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला बसवून. त्याच आठवड्यात बोल्टवालं लॉक लावलं. वीज गेली तरी बोल्ट आतच राहतो. आतून मात्र दांडी फिरवली की दार कधीही उघडतं, लाईट असो नसो, आग लागली तर माणूस आत अडकता कामा नये. म्हणजे त्या रविवारी लॉकनं मी सांगितलेलंच काम केलं, फक्त बाहेर तुम्ही उभे होतात.

अशा वेळेला चावी असते. दोन चाव्या. एक आमच्या पोऱ्याकडे, तो शिमग्याला गावाला गेलेला. दुसरी माझ्याकडे, आणि माझा फोन सायलेंटवर. यावर काय बोलणार, बोलण्यासारखं काही नाहीच. सव्वापाचला उठलो, सात मिस्ड कॉल बघितले, सायनवरून स्कूटर काढली, ५:३५ ला पोचलो, तुम्ही गेला होतात. आणि आता जे सांगतो ते तुम्हाला माहीतच नाही, मी लपवू शकलो असतो. चावी लागली पण फिरेना! वर्षभर कोणी ती वापरलीच नव्हती, समुद्राची हवा खाऊन आतले लिव्हर जाम झालेले. अजून जोर लावला असता तर चावी भोकातच तुटली असती. शेवटी स्टेशनबाहेर पेपरचे गठ्ठे लावत बसलेल्या मुलाकडे पेन्सिल मागितली, ते पेपरवर बिल्डिंग नंबर टाकतात ना त्यासाठी असते त्यांच्याकडे, आणि तिचं टोक चावीच्या दातांवर दोन्ही बाजूंनी घासलं, पार काळी होईपर्यंत. आत घालायची, हलवायची, काढायची, परत घासायची. सहा-सात वेळा केल्यावर कट्टकन फिरली. ६:०५ वाजले होते. (घरच्या कुलपालाही हेच करा, तेल घालू नका, तेलाला धूळ चिकटून आत चिखल होतो.) म्हणजे तुम्ही थांबला असतात तरी स्टार्ट गेलाच होता. बीआरएमचं घड्याळ कोणासाठी थांबत नाही हे मला माहितीये, २०० ला साडेतेरा तास, त्यातले पहिले तुम्ही आमच्या शटरसमोर उभे राहून घालवायचे म्हणजे काय.

आता वॉचमनकाका. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. त्यांच्याकडे चावी नसते आणि ती मी देणारही नाही. तुम्ही त्यांना मोबाईलमध्ये सायकलचा फोटो दाखवलात, "हीच माझी, जाळीतून दिसतेय बघा", आणि ते म्हणाले फोटो कोणीही दाखवेल. हे वाक्य माझं आहे, त्यांना मीच पढवलंय. दोन-तीन वर्षांपूर्वी एकजण असाच फोटो घेऊन आला होता, अगदी सभ्य माणूस, हेल्मेट वगैरे घालून, फोटो निघाला आमच्याच एका मेंबरनं सायकल विकायला टाकली होती त्या जाहिरातीतला. त्या दिवशी काउंटरला मी होतो म्हणून फ्रेम नंबर विचारला, तर "गाडीतून कागद आणतो" म्हणून गेला तो गेलाच. सायकल उलटी केली की पेडलचा दांडा जिथून आरपार जातो त्या नळीच्या पोटाला बहुतेक कंपन्यांचा नंबर कोरलेला असतो. तो नंबर आणि बिल, एवढंच आम्ही मानतो. पोलिसांत चोरीची तक्रार द्यायची वेळ आली तरी पहिला तोच विचारतात, नसला तर काळ्या रंगाच्या हजार सायकलींतली तुमची कुठली हे कसं सांगणार. काकांचा आवाज चढला असेल तर त्याबद्दल मी माफी मागतो, त्यांनी दार उघडून दिलं नाही त्याबद्दल नाही.

केबलचं तुमचं अर्धं पटलं. त्या केबल मेंबरांच्या स्वतःच्या आहेत, आम्ही भिंतीत अँकर बोल्टनं लोखंडी कडी दिलीय, तिला काय बांधायचं ते ज्याचं त्याच्यावर. केबल साध्या कटरनं दोन मिनिटांत तुटते हे मी प्रत्येकाला नाव नोंदवताना सांगतो, लोक हसतात आणि तीच वापरतात, वर तीच घेऊन स्टेशनबाहेर पण लावतात, तेही पुढच्या चाकाला, क्विक रिलीजवालं, म्हणजे पान्याशिवाय हातानं निघणारं चाक, मग संध्याकाळी कठड्याला फक्त चाक लटकलेलं असतं. यू-लॉक घ्या, फ्रेम आणि मागचं चाक दोन्हीतून जाईल असं. गोल चावीचं जुनं असेल तर ते नको, २००४ ला अमेरिकेत तसली महागडी लॉकं बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीनं उघडून दाखवली होती लोकांनी. पुढच्या महिन्यापासून आपल्याकडे नुसती केबल चालणार नाही, बोर्ड लावतोय. शिव्या पडतील, पडू देत.

बाकी जे केलंय ते सांगतो. बॅटरी सोमवारीच बदलली. दर १ तारखेला मेन स्विच बंद करून आधी बॅटरीवर आणि मग चावीनं दार उघडून बघायचं, वहीत सही करायची. तिसरी चावी बनवून याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या वहिनींकडे ठेवलीय, त्या चारला उठतात. दारावर आता दोन नंबर आहेत, माझा आणि त्यांचा, आणि माझा सायलेंटवर नसतो, बायको वैतागलीय. दारावर आकड्यांचं कीपॅड लावून सगळ्यांना एकच नंबर द्या असं तुम्ही सुचवलंय ते करणार नाही, ४० जणांना माहीत असलेला नंबर महिन्याभरात अख्ख्या गल्लीला माहीत होतो.

तुमची त्या महिन्याची फी आणि बीआरएमची एन्ट्री फी दोन्ही परत करतोय, पावती व्हॉट्सॲपवर टाका. जागा सोडायचीय असं लिहिलंय, तर डिपॉझिटही पूर्ण मिळेल, कापणार काही नाही. सायकल १४ नंबरच्या हुकावर आहे, बाटली आणि हवेचा छोटा पंप तिच्याबरोबरच. मागच्या टायरची हवा उतरलेली दिसली, ट्यूबला बारीक भोक होतं, पंक्चर काढून ठेवलंय. त्याचे पैसे नकोत.