पगार मिळतो, मग सत्कार कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेत लहान कंपन्यांना संशोधनासाठी सरकारी पैसा देणारी एसबीआयआर नावाची योजना आहे; तिच्यातल्या चांगल्या कामासाठी टिबेट्स पुरस्कार देतात. त्याबद्दल तुमचा आक्षेप असा: लहान कंपन्यांच्या संशोधनाला पैसे द्यायचे हे कायद्यानेच ठरलेलं आहे, अधिकारी पगार घेऊन ते वाटतात, मग त्यांचा सत्कार कसला?

रक्कम कायद्याने ठरते, हे बरोबर. ज्या खात्याचं बाहेरून करून घ्यायच्या संशोधनाचं बजेट वर्षाला 10 कोटी डॉलरच्या वर जातं, त्याला त्यातले 3.2 टक्के बाजूला काढावेच लागतात. पण हा कायदा आला 1982 साली. त्याआधीच नॅशनल सायन्स फाउंडेशन या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेतल्या रोलंड टिबेट्स या अधिकाऱ्याने ही योजना चालवून दाखवली होती. आधी थोड्या पैशात कल्पना तपासायची, हा पहिला टप्पा; जमली तरच मोठी रक्कम द्यायची, हा दुसरा. पुरस्काराला त्यांचं नाव आहे ते त्यासाठी.

आणि पैसे वाटणं हे यातलं सोपं काम. कसब लागतं ते विषय लिहायला, म्हणजे कंपन्यांकडून नेमकं काय हवं ते मांडायला. संरक्षण खात्याने नुसतं ‘हलका, टिकाऊ सेन्सर हवा’ असं लिहिलं तर भलभलते प्रस्ताव येतात. वजन किती ग्रॅमपर्यंत चालेल, बॅटरी किती तास पुरायला हवी, तो बसवायचा कशावर, हे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना विचारून लिहावं लागतं. या खात्यात विषय जाहीर झाल्यापासून प्रस्ताव स्वीकारायला सुरुवात होईपर्यंत कंपन्यांना विषय लिहिणाऱ्याशी थेट बोलता येतं. नंतर प्रश्नोत्तरं फक्त सर्वांसमोर, लेखी. त्या मोजक्या दिवसांत जो फोन उचलतो, त्याच्याकडे नेमके प्रस्ताव येतात.

तिसऱ्या टप्प्याला, म्हणजे तयार वस्तू प्रत्यक्ष विकली जाण्याला, तर या योजनेचा पैसाच नाही. दुसऱ्या टप्प्यात नमुना तयार होतो आणि तिथेच अडकतो, कारण खरेदीचं बजेट वेगळ्याच विभागाकडे. आधीच्या टप्प्यातली स्पर्धा ग्राह्य धरून, नव्याने टेंडर न काढता त्याच कंपनीला काम देता येतं. पण खरेदी अधिकाऱ्याला हे ठाऊक नसलं की तो सवयीने टेंडर काढतो. आठ-दहा माणसांच्या कंपनीने तोवर पगार कुठून द्यायचे? योजना राबवणारा चांगला अधिकारी दुसरा टप्पा चालू असतानाच खरेदीवाल्यांना आणि वापरणाऱ्यांना एकत्र बसवतो. हे नाही केलं तरी त्याचा पगार चालूच राहतो. सत्कार याचा आहे.

मात्र किती मंजुऱ्या दिल्या यावर गौरव नको, हा तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. पहिल्या टप्प्याचेच पैसे घेत राहणाऱ्या कंपन्या आहेत. म्हणून तर पाच वर्षांत तशा 20 हून जास्त मंजुऱ्या घेतलेल्या कंपनीला दर चारांमागे निदान एक काम दुसऱ्या टप्प्यात न्यावं लागतं, नाहीतर वर्षभर पहिल्या टप्प्यासाठी ती अपात्र. पुरस्कारासाठीच्या अधिकाऱ्याच्या शिफारसपत्रातही आधी हेच विचारावं: त्याने निवडलेल्या कामांपैकी कोणती वस्तू शेवटी विकत घेतली गेली, आणि कोणी घेतली.