घरच्या माणसाला कसलं मानधन!

आज सकाळीच डोकं फिरलंय, त्यामुळं जरा सहन करा. काकांचा फोन आला. त्यांची पंच्याहत्तरी आहे, जुळे सोलापुरात हॉल घेतलाय, संध्याकाळी भावगीतांचा कार्यक्रम. "धाकट्याला सांग, तबला घेऊन ये म्हणावं." मी विचारलं, मानधन किती? "घरच्या माणसाला कसलं मानधन गं?"

केटररला ॲडव्हान्स गेलाय. फुलवाल्यालाही.

हेच काका बरं का! भावानं बँकेतली नोकरी सोडली, तेव्हा आमच्या वास्तुशांतीच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाले होते, "बँकेची खुर्ची सोडून तबल्याम्होरं मांडी घालतोय. बायकोपोरं काय खाणार बे, तीनताल?" अख्खी पंगत हसली. वहिनी तूप वाढत होती. तिनं काकांच्या पोळीवरही वाढलं, नेहमीएवढंच.

हो, वहिनीची शाळेतली नोकरी आहे म्हणून घराचे हप्ते जातात. मान्य. पुढं?

बँकेत असताना पहाटे उठून रियाज करून हा विशारद झालाय. आपल्याकडच्या उन्हानं पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, ताणते, सूर चढतो, पावसाळ्यात उतरतो. कार्यक्रमाआधी पेटीवाला स्वर धरून बसतो आणि हा हातोडीनं गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामडी गोफावर, ठोकत कडेची सोळाच्या सोळा घरं त्या सुरात आणतो. कपाळावर घाम, पण घाई नाही. ते एकदा जवळ बसून बघा आणि मग 'बडवतोय' म्हणा.

शाहीर राम जोशी सोलापूरचा म्हणून आपण छाती फुगवतो. तमाशाच्या नादापायी त्याला सख्ख्या भावानं घराबाहेर काढलं, ते मात्र कुणी सांगत नाही. पंढरपूरला जाऊन शास्त्र शिकला, कीर्तनं केली, पण लावणी काही सुटली नाही. त्या पंगतीत तो असता तर त्यालाही विचारलं असतंत ना, खाणार काय बे?

आता लिहितालिहिता राग थोडा उतरला. काका गिरणीतले. १८७७ला पहिली गिरणी निघाली, तेव्हापासून या गावाला भोंग्यावर उठायची सवय लागली, आणि एकेक गिरणी बंद पडली तेव्हा पगाराविना घरी बसलेली माणसं त्यांनी पाहिलीत. एक तारखेचा पगार म्हणजे देव, हे त्यांचं मी समजू शकते. भीतीच आहे ती. पण काका, गिरणीची नोकरीपण कायमचीच होती की! ती सुटली तेव्हा तुमच्यावर कुठल्या पंगतीत कुणी हसलं का?

जाऊ दे. भाऊ म्हणतोय, "अक्का, वाजवतो फुकट, कशाला वाकडं घेतीस." मी घेणार. पेटीवाल्यालाही घर आहे, गाणारीलाही. तिघांचा आकडा काकांना व्हॉट्सॲपवर टाकलाय, निळ्या टिका आल्यात.

आणि हो, शनिवार-रविवार भावाचे लहान मुलांचे तबल्याचे वर्ग असतात. पोरं पाठवायची असतील तर मला इनबॉक्स करा. फी महिन्याच्या सुरुवातीला. तो मागायला लाजतो, मी लाजत नाही.