साच्याचे वय आणि घोड्याचा दर्जा

घोड्यांच्या प्रतिकृती जमवणाऱ्यांमध्ये दोन तट पडलेले आहेत आणि ते किमतीवरून किंवा दुर्मिळतेवरून नव्हे, तर साच्यांच्या वयावरून पडलेले आहेत. एका तटाला 1950 ते 1980 च्या दशकांतले, बहुतांशी ख्रिस हेस या एकाच शिल्पकाराने घडवलेले अमेरिकेतल्या ब्रेयर कंपनीचे प्लास्टिकचे घोडे प्रिय आहेत, तर दुसऱ्याला त्यानंतर वेगवेगळ्या शिल्पकारांनी घडवलेले, शिरा, स्नायू आणि खुरांचे तळवेसुद्धा कोरलेले घोडे हवे असतात. पहिले म्हणतात की नव्या घोड्यांत जीव नाही. दुसरे म्हणतात की जुन्यांत घोडाच नाही. मी दोन्ही प्रकारचे घोडे जमवतो आणि मला असे वाटू लागले आहे की या वादात जे श्रेय किंवा जो दोष शिल्पकाराच्या हाताला द्यायला हवा, तो आपण उगाचच काळाच्या पदरात टाकत आहोत.

जुन्या घोड्यांवर टीका करण्यापूर्वी ते कशासाठी बनले होते हे पाहणे न्यायाचे ठरेल. शिकागोची ब्रेयर मोल्डिंग कंपनी मुळात प्लास्टिकच्या वस्तू ओतून देणारी होती. मास्टरक्राफ्टर्स या घड्याळाच्या कंपनीसाठी तिने 1950 मध्ये एक घोडा तयार केला, जो दिवाणखान्यातल्या घड्याळासोबत शोभेसाठी बसवायचा होता. कामाच्या मोबदल्यात साचा ब्रेयरकडेच राहिला, पुढे वूलवर्थच्या दुकानांनी तोच घोडा सुटा विकायला मागवला आणि मागणी इतकी आली की कंपनीचा व्यवसायच बदलून गेला. तो वेस्टर्न हॉर्स आजही ओळखीचा आहे: काढता-घालता येणारे प्लास्टिकचे खोगीर, साखळीचा लगाम आणि रुबाबात उचललेली मान. शोभेच्या वस्तूला आणि खेळण्याला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येणारी बाह्यरेषा लागते, आणि लहान मुलाच्या हातातून पडल्यावरही टिकणारे पाय लागतात. गुडघ्याच्या हाडाची ठेवण नेमकी आहे की नाही, हे त्या वेळी कोणी विचारत नव्हते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सांधे चुकले असतील तर ते चुकलेलेच आहेत. परंतु बाह्यरेषेचे जे गुण आपल्याला जुन्या घोड्यांत भावतात, ते याच गरजेतून आले आहेत.

1961 मध्ये आलेला फायटिंग स्टॅलियन याचा चांगला नमुना आहे. मागच्या पायांवर उभा ठाकलेला हा घोडा लांब शेपटीचाही आधार घेतो, त्यामुळे दोन पायांवर असूनही तो कसल्याही पायपट्टीशिवाय उभा राहतो. हातात घेऊन जवळून पाहिला की त्याच्या उणिवा एकेक करून दिसू लागतात. खांद्याचे आणि मांडीचे स्नायू ठोकळ मापाने उठवलेले आहेत, पायांच्या खालच्या भागात कंडरांचा पत्ता नाही, खुरांचा तळ सपाट आहे आणि पोटाखालून जाणारी जोडाची रेषा बोटाला लागते, कारण हे घोडे दोन पोकळ अर्धुकांत ओतून मग चिकटवले जातात. तोच घोडा फडताळावर ठेवून चार पावले मागे सरावे, की मानेच्या कमानीपासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच ताण वाहताना दिसतो आणि नजर मध्ये कुठे अडत नाही. हेस यांना शरीररचना कमी कळत असेल, पण वस्तुमान कसे तोलावे हे त्यांना पक्के कळत होते. हे सगळे त्यांच्या प्रत्येक घोड्याबद्दल म्हणता येत नाही. त्यांचा फॅमिली अरेबियन स्टॅलियन मला कितीही प्रयत्न केला तरी आवडत नाही. त्या घोड्याची मान जड, पाय खुंटासारखे आणि चेहरा निर्विकार आहे. तो आवडतो असे सांगणारे बहुतेक लोक आपल्या लहानपणाबद्दल बोलत असतात, आणि ते बोलणे मनापासूनचे असले तरी त्याला शिल्पाबद्दलचे मत म्हणता येणार नाही.

आता वयाचा मुद्दा किती डळमळीत आहे ते पाहू. 1970 च्या दशकात ब्रेयरने कॅलिफोर्नियातील हेगन-रेनेकर या चिनी मातीच्या मूर्ती बनवणाऱ्या कंपनीकडून काही आकृतिबंध परवान्यावर घेतले. त्यांतले प्राउड अरेबियन कुटुंब, म्हणजे घोडी, घोडा आणि शिंगरू, मॉरीन लव्ह यांच्या हातचे आहे. 1975 मध्ये सुरू झालेल्या स्टेबलमेट्स या तळहातावर मावणाऱ्या मालिकेचे पहिले घोडेही त्यांचेच. सायटेशन आणि सिल्की सलिव्हन ही शर्यतीच्या घोड्यांची नावे ज्या इवल्याशा आकृत्यांना दिली गेली, त्यांत खांदा कुठे संपतो आणि छाती कुठे सुरू होते हे स्पष्ट कळते, चारही पायांवर भार कसा विभागला आहे हे कळते, आणि हे सारे दाखवण्यासाठी कोणत्याही घोड्याला उधळावे लागत नाही. त्याच मालिकेची दुसरी पिढी 1998 मध्ये आली. ती केथलीन मूडी यांची आहे, म्हणजे वयाने दोन दशकांहून अधिक धाकटी. आणि पाहायला गेले तर हीच पिढी अधिक अलंकारिक आहे. आयाळी लाटांसारख्या वळवलेल्या, माना नाट्यमय, हालचाल ठळक. मला ते घोडे आवडतात, मुलांना तर फारच आवडतात, पण ‘जुने म्हणजे भाबडे आणि नवे म्हणजे वास्तव’ हे सूत्र या दोन पिढ्या शेजारी ठेवल्याबरोबर उलटे होते. संयम आणि निरीक्षण 1975 च्या घोड्यांत जास्त आहे, लय आणि लाडिकपणा 1998 च्या घोड्यांत.

या चर्चेत आणखी एक घोळ कायम होतो, तो म्हणजे शिल्प आणि रंगकाम यांची सरमिसळ. ‘जुन्या घोड्यांची सर नव्यांना नाही’ असे कोणी म्हटले की मी विचारतो, नेमके काय आवडते? उत्तर पुष्कळदा येते की चकाकी, डोळ्याच्या कोपऱ्यात हाताने लावलेला पांढऱ्या रंगाचा ठिपका, पांढरा चेहरा आणि चारही पाय पांढरे असलेला तो पंचकल्याणी रुबाब. हे सारे रंगकामाचे गुण आहेत. जुन्या घोड्यांत पंचकल्याणी इतके दिसतात याला फवाऱ्याने रंग देताना वापरले जाणारे झाकणसाचेही कारणीभूत आहेत; चेहरा आणि पाय झाकून बाकीचे अंग फवारून काढणे सोपे आणि जलद होते. साच्यातून आलेला आकार तोच राहिला आणि वरचा रंग बदलला तर आवड किती बदलते, याचे 1960 च्या दशकाच्या सुरुवातीचे डेकोरेटर घोडे हे सर्वांत बोलके उदाहरण आहे. सोनेरी अंगाचा गोल्ड चार्म, सोनेरी ठिपक्यांचा फ्लोरेंटाइन, निळ्या ठिपक्यांचा कोपनहेगन आणि सपाट निळ्या अंगाचा वेजवुड ब्लू हे घोडे त्या वेळी फारसे खपले नाहीत, कारण निळा घोडा कोणाला हवा होता? आज नेमके तेच घोडे जुन्या ब्रेयरमधले सर्वांत हव्याहव्याशा वस्तूंपैकी आहेत, आणि जी मंडळी शरीररचनेच्या चुकीवरून एखादा जुना घोडा नाकारतात तीच मंडळी निळ्या घोड्यासाठी जीव टाकताना मी पाहिली आहेत. त्यात काही वावगे नाही, फक्त मग वास्तवाचा दाखला देऊ नये.

तसाच प्रकार ‘चॉकी’ घोड्यांचा. 1970 च्या दशकातल्या तेलटंचाईत पांढरे प्लास्टिक पुरेसे मिळेना, तेव्हा हाताशी येईल त्या रंगाच्या प्लास्टिकमध्ये घोडे ओतले गेले आणि वरच्या रंगाखाली आधी पांढऱ्या रंगाचा थर द्यावा लागला. तुटवड्यातून निघालेली ही तडजोड आज खास जमवण्याची चीज झाली आहे. त्या थरामुळे रंगाला येणारा दुधाळ, दाट पोत मलाही मोहात पाडतो. पण त्यात शिल्पकाराचे काहीच कर्तृत्व नाही.

घोड्यांच्या प्रदर्शनस्पर्धा चालवणाऱ्यांनी हा पेच आपल्यापेक्षा शहाणपणाने सोडवला आहे, असे मला वाटते. तेथे कारखान्यातल्या मूळ रंगातल्या प्रतिकृतींचे परीक्षण दोन निरनिराळ्या नजरांनी होते. जातीच्या वर्गात परीक्षक विचारतात की हा घोडा खऱ्या घोड्याच्या, आणि त्यातही अमुक जातीच्या, किती जवळ जातो. संग्राह्यतेच्या वर्गात विचारतात की ही वस्तू किती दुर्मिळ, किती जुनी आणि किती चांगल्या स्थितीत आहे. संग्राह्यतेच्या टेबलावर घोड्यासोबत माहितीचे कार्डही ठेवले जाते. पहिल्या टेबलावर अंगाने ढोबळ असलेला घोडा दुसऱ्या टेबलावर मानाने उभा राहू शकतो, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. मला खटकते ते एवढेच की शिल्प म्हणून, म्हणजे आकारांची रचना म्हणून, घोडा कसा आहे हे विचारणारे टेबल कुठेच नाही. फायटिंग स्टॅलियनची बाजू मांडायची झाली तर ती त्या तिसऱ्या टेबलावरच मांडता येईल.

नव्या घोड्यांची बाजू सर्वांत भक्कम आहे ती जातीच्या बाबतीत. 1969 मध्ये आलेला अ‍ॅडिओस हा घोडागाडीच्या शर्यतीत धावणाऱ्या स्टँडर्डब्रेड जातीच्या घोड्याचा पुतळा, पण तोच साचा रंग बदलून क्वार्टर हॉर्स जातीचा म्हणून, पेंट जातीचा म्हणून आणि आणखी कायकाय म्हणून विकला गेला, आणि ग्राहकांनीही ते निमूटपणे स्वीकारले. आज ब्रिगिटे एबर्ल यांचा टोटिलास समोर ठेवला तर तो ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिकवलेल्या चालींच्या स्पर्धेच्या, आखाड्यातला उंच, लांब पावलांचा घोडा सोडून दुसरे काहीही असू शकत नाही. पाठ कशी उचलली आहे, मागचा पाय पोटाखाली किती आत आला आहे, हे पाहूनच कळते की शिल्पकाराने हालचाल डोळ्यांत साठवली आहे. हा पल्ला खरोखर मोठा आहे आणि जुन्यांच्या प्रेमात तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. रंगकामातही तेच: सब्जा, म्हणजे करड्या, घोड्याच्या अंगावरचे ठिपके खांद्यावर वेगळे आणि पुठ्ठ्यावर वेगळे पडतात, अबलख घोड्याच्या पांढऱ्या डागाची कड कातडीमुळे करडी दिसते, हे आज कारखान्यातून निघालेल्या घोड्यावरही दिसू शकते.

माझी तक्रार वेगळीच आहे. नवा घोडा शांत उभा राहायला तयार नाही. तो सतत दुडक्या चालीत आहे, वळतो आहे, खिंकाळतो आहे, आणि वारा कुठूनही येवो, त्याची आयाळ उडालीच पाहिजे. एकटा पाहिला तर देखणा वाटतो. दहा जण एका फळीवर ठेवले की बाजार भरल्यासारखे वाटते. शिवाय मोठ्या, म्हणजे एकास नऊ प्रमाणाच्या, घोड्यांसाठी वापरले जाणारे सेल्युलोज अ‍ॅसिटेट हे प्लास्टिक उष्णतेने मऊ पडते. दोन-तीन बारीक पायांवर सारा भार असलेला घोडा उन्हाळ्यात हळूहळू कलतो, मग एक दिवस पडतो आणि पडताना शेजारच्यांनाही घेऊन जातो. जुने घोडेही कलतात आणि वयानुसार पिवळेही पडतात, तेव्हा ते काही अमर आहेत असे नाही; पण चारही खूर जमिनीवर टेकवून उभा असलेला घोडा पडायला निदान वेळ तरी घेतो.

शांत उभा घोडा घडवणे हे खरे तर सर्वांत अवघड काम, कारण लपवायला हालचालच नसते. 1976 चा लेडी फेज हा हेस यांचा साचा मला म्हणूनच त्यांच्या साऱ्या कामात वरचा वाटतो. गायिका लिन अँडरसन यांच्या घोडीची ही प्रतिकृती. तिच्यात नाट्य नाही, आयाळ उडत नाही, तरीही अंग भरलेले आहे आणि ती आताच कशाची तरी चाहूल लागून थबकली असावी असे वाटते. तिच्यावर कितीतरी रंग चढवले गेले, आजचे बारकाईचे रंगही चढले आणि ते तिला शोभले. हेस यांनीही काळाबरोबर शिकत जाऊन शरीररचना अधिक नीट हाताळली, हे तिच्याकडे पाहून कळते. तेव्हा ‘जुने घोडे’ असा सरसकट ढीग करणे त्यांच्यावरही अन्यायाचेच आहे.

पीटर स्टोन यांनी 1990 च्या दशकात ब्रेयरमधून बाहेर पडून इंडियानात स्वतःची कंपनी काढली आणि तिच्या आयडियल मालिकेसाठी कॅरोल विल्यम्स यांच्याकडून घोडे घडवून घेतले. शरीररचना आधुनिक, पण उभे राहणे बरेचसे जुन्या पद्धतीचे, निवांत. दोन्ही तटांना एकाच फळीवर आणायचे असेल तर मी आधी हे घोडे दाखवीन.

जुने साचे नव्या रंगांत पुन्हा काढण्याची प्रथा जोरात आहे, आणि प्रत्येक वेळी एका तटाला आनंद तर दुसऱ्याला वैताग येतो. साचा धातूचा असतो, तो झिजतो, त्याची दुरुस्ती खर्चिक असते आणि नवा साचा काढणे तर त्याहूनही खर्चिक. म्हणजे कोणता साचा जगवायचा आणि कोणता कायमचा बाजूला ठेवायचा हे कंपनीला ठरवावेच लागते. माझ्या हाती असते तर मी सन किंवा विक्रीचा आकडा न पाहता साचे रंगाविना, कोऱ्या पांढऱ्या प्लास्टिकमध्ये ओतून एका रांगेत मांडले असते, म्हणजे चकाकी, आठवणी आणि उडत्या आयाळींची भुरळ यांपैकी काहीच मध्ये येणार नाही. त्या रांगेतून मी लेडी फेज, फायटिंग स्टॅलियन, प्राउड अरेबियन घोडी आणि टोटिलास बिनदिक्कत ठेवीन, आणि फॅमिली अरेबियन कुटुंबाला, त्याच्या चाहत्यांची क्षमा मागून, निवृत्त करीन.