हूवर धरणाच्या भिंतीत मजुरांची प्रेतं नाहीत

अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर बांधलेल्या हूवर धरणाच्या काँक्रीटमध्ये शेकडो मजूर जिवंत गाडले गेले आणि ते अजून तिथेच आहेत, असा मजकूर फोटोसकट फिरतोय. हे खरं नाही.

1933 साली काँक्रीट ओतायला सुरुवात झाली, पण भिंत एकसंध ओतलेली नाही. ती सुट्या ठोकळ्यांनी वर चढत गेली, एका वेळी फार तर 5 फुटांचा थर. एक बादली रिकामी केली की काँक्रीट जेमतेम काही इंच वाढायचं, आणि मजूर गमबूट घालून त्यातच उभे राहून ते तुडवायचे. त्यात माणूस बुडणार कसा? नोव्हेंबर 1933 मध्ये साचा कोसळून एक कामगार खरोखर गाडला गेला. त्याचं शव उकरून बाहेर काढलं.

मृत्यू मात्र झालेच. बांधकामातल्या अपघाती मृत्यूंचा सरकारी आकडा 96 आहे. नदी वळवायला खोदलेल्या बोगद्यांत पेट्रोलच्या गाड्यांच्या धुराने माणसं गुदमरली आणि नोंद न्यूमोनियाची झाली, असा कामगारांचा आरोप होता. ते कोर्टातही गेले. लोकांपर्यंत जायला हवं ते हे. न्यूमोनियाचे ते मृत्यू 96 मध्ये धरलेलेच नाहीत.